उसन्या आडनावाची खोली

लातूरला प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा खोली मिळावी म्हणून मी घरमालकिणीला खोटं आडनाव सांगितलं. आपल्या गावाच्या नावाला 'कर' जोडला की झालं, माणूस कुठल्या वस्तीतला ते कळत नाही. आमच्यातले कितीतरी जण असं करतात. मी तर त्याही पुढं जाऊन मंगळवारचे उपवास धरले. मालकीणबाई साबुदाण्याची खिचडी आणून द्यायच्या आणि मी ती मोठ्या भक्तिभावाने संपवायचे. फक्त आईला तिथं येऊ देत नव्हते. तिनं तोंड उघडलं की पाच मिनिटांत सगळं बाहेर पडलं असतं. ती फोनवर विचारायची, "तुझी खोली कवा दावतीस?" मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." असं वर्ष गेलं.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, मुखेडजवळच्या आमच्या गावी विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. त्या साली चरित्र लावलं होतं, ज्यांचा फोटो आमच्या घराघरात आहे त्यांचंच. मी रविवारी गेले, तर वाचणाऱ्या गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. "आज तू वाच, पोरी," म्हणाले.

जयंतीच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून नाचले, पण चरित्र कधी वाचलं नव्हतं. खुणेच्या पानावर ते परदेशातून शिकून परगावी नोकरीला आले होते. राहायला कुणी जागा देईना, म्हणून खोटं नाव सांगून एका सराईत राहिले. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, समोर बसलेल्या सगळ्यांना माझी लातूरची खोली दिसतेय. पुढं लोक काठ्या घेऊन येतात आणि त्यांना बाहेर काढतात. एवढ्या शिकलेल्या माणसाची ही गत! मला रडूच फुटलं. पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "वाच की. फुडं काय झालं ते लई महत्त्वाचं हाय."

पुढं ते झाडाखाली बसून रडले. आणि उठले ते पुन्हा कधी लपले नाहीत.

सोमवारी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं आणि जिन्यातच मालकीणबाईंना खरं आडनाव सांगितलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. "आमच्या सासूबाईंना चालायचं नाही," एवढंच म्हणाल्या. महिनाअखेरीला खोली सुटली. राग आला, खोटं कशाला बोलू? पण वर्षभर कुणी त्या खोट्या आडनावानं हाक मारली की मी आधी दचकायचे, मग वळायचे. ते दचकणं गेलं. त्या चरित्राचे माझ्यावर उपकार आहेत, आणि गुरुजींच्या मोतीबिंदूचेही.

नव्या जागा बघताना मी दारातच आडनाव सांगून टाकायचे. चार ठिकाणी खोली 'आत्ताच गेली' होती. पाचवी मिळाली, पत्र्याची, उन्हाळ्यात भाजून काढणारी. पहिल्याच रविवारी आई आली. उंबऱ्यातच थांबून तिनं अगदी हळू विचारलं, "इथं मोठ्यानं बोललं तर चालतंय का गं?"

"बोल," मी म्हणाले. "पार गल्लीला ऐकू जाऊ दे."