सत्कारात वाया गेलेली चिप

कालपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहितेय...

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी चिप बनवते. रबरासारख्या मऊ, पारदर्शक तुकड्यात केसाएवढ्या बारीक नळ्या असतात, तो काचेवर बसवून सील करायचा. मग त्यात रक्ताचा एक थेंब टाकून तपासणी करता येते.

गोंद चालत नाही, नळ्याच बुजतील. काच आणि तुकडा प्लाझ्माच्या मशीनमध्ये ठेवायचे (रक्तातला प्लाझ्मा नव्हे, विजेने पेटवलेला वायू; त्याने पृष्ठभाग चिकटण्याजोगे होतात), आणि बाहेर काढले की दोन-तीन मिनिटांत एकमेकांवर दाबायचे. उशीर झाला की धड चिकटतच नाहीत.

काल ठाण्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. आमची चिप त्यांच्या दवाखान्यात वापरून बघायची की नाही, ते काल ठरणार होतं. आमच्या सरांनी जाहीर केलं, सीलिंग मॅडमच्या शुभहस्ते!

मी मशीनमधून तुकडे काढले आणि सरांना आठवलं, सत्कार राहिला... शाल, श्रीफळ, वर प्रास्ताविक. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, तर म्हणे, "अगं, दोन मिनिटं थांब ना!"

ती दोन मिनिटं पंधरा मिनिटं चालली. मग मॅडमनी तुकडे दाबले, मी हॉट प्लेटवर गरम केले, गळतंय का बघायला नळ्यांत निळी शाई सोडली... आणि ती चहूबाजूंनी बाहेर आली.

सर हसत म्हणाले, "मुलगी नवीन आहे हो, शिकतेय अजून."

नवीन? चार वर्षं झाली! तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर बोलले, "मॅडम, तुकडे वेळेत तयार होते. भाषण संपत नव्हतं."

सर लालबुंद. मॅडमनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. "मग परत करा. आता कोणी बोलायचं नाही."

मी नवे तुकडे घेतले, मशीनमधून काढले, लगेच दाबले, गरम केले. या वेळी शाई वळणं घेत पलीकडे पोहोचली, एक थेंब बाहेर नाही. मॅडम म्हणाल्या, "पाठवा दवाखान्यात, वापरून बघू."

मॅडम, तुम्ही दुसऱ्यांदा करू दिलंत, मनापासून आभार.

आणि सर... मॅडमना गेटपर्यंत सोडून आल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "झालं ना शेवटी? सोड आता."

नाही सोडत. 'नवीन आहे' हे चारचौघांत म्हणालात ना? मग 'चुकलं' हेही चारचौघांतच म्हणा.