उघडल्याची तारीख

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला सगळं हॉस्पिटल मागून 'फौजदार' म्हणायचं, आणि तिला ते ठाऊक होतं. पहिल्यांदा कोणी म्हटलं, हेही ठाऊक होतं. सव्वीस वर्षं तिने एकच काम डोळ्यांत तेल घालून केलं, ते म्हणजे मोजणी. पोट उघडण्याआधी कापसाच्या घड्या, चिमटे, सुया मोजायच्या आणि शिवण्याआधी पुन्हा मोजायच्या. सर्जन म्हणाले, "सगळं बाहेर आहे," की ही म्हणायची, "असेल. मोजू द्या." एकदा एका घडीसाठी तिने त्यांना वीस मिनिटं ताटकळत उभं केलं, आणि घडी निघाली ती पेशंटच्या पोटातून. तेव्हापासून तिच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. औषधाची बाटली उघडली की तिच्यावर तारीख आणि सही हवी, नाहीतर बाटली कचऱ्यात. घरी पाहुणे जेवून गेले की चमचे मोजायची. नवरा म्हणायचा, "त्यांचे खिसे तपासायचे राहिले बघ." ती हसायची, पण मोजून झाल्यावर.

अशा बाईच्या राज्यात ते यंत्र आलं. आता हे यंत्र कसलं, ते सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये कापताना रक्त थांबवायला विजेचा चटका देतात, त्या उपकरणाला कॉटरी म्हणतात. चटका दिला की धूर येतो. माणसाचंच मांस जळतं, दुसरं काय? इतकी वर्षं तो धूर सगळ्यांनी गपगुमान नाकात घेतला. मग सरकारने कायदा केला, की प्रत्येक थिएटरात धूर ओढणारं यंत्र हवंच. छान. यंत्रही दिलं. त्याचे महागडे फिल्टर मात्र ज्याने त्याने आपल्या खर्चातून आणायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार! शिवाय यंत्रं कमी होती, म्हणून महिन्याला साठ तासांच्या खाली वापर गेला तर यंत्र उचलून दुसऱ्या हॉस्पिटलला देणार होते.

सिस्टरला पहिल्या दिवसापासून वास आला, की यात कुठेतरी पाणी मुरतंय. फिल्टर तीस तासांत संपतो आणि यंत्र स्वतःच ओरडून नवा मागतं. ज्याने यंत्र विकलं तोच फिल्टर विकतो. म्हणजे झालंच की! सर्जनना यंत्राची घरघर सोसत नव्हती. पाच-दहा मिनिटं झाली की ते म्हणायचे, "सिस्टर, तो भुंगा बंद करा." सिस्टर खुशीने बंद करायची आणि वहीत किती मिनिटं चाललं ते लिहून ठेवायची.

मग मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. महिन्याला चार फिल्टर लागत होते आणि पैसे पुरत नव्हते. थिएटरातली हंगामी मदतनीस दोन महिन्यांत कमी करावी लागेल, असं ते म्हणाले.

मदतनीस म्हणजे सगळ्यांची धाकटी. तिशीची, काटक, दम्याची. फरशी पुसणं, दिवे पुसणं, पेशंटला टेबलावर घेणं, सगळं तिच्याकडे. घरी सासू आणि दोन मुली, आणि कमावणारी ही एकटी. सिस्टर तिला दिवसातून दहादा ओरडायची, आणि दुसरं कोणी ओरडलं तर त्याच्या अंगावर जायची.

"चार फिल्टर?" सिस्टर म्हणाली. "माझ्या वहीत महिन्याचे वीस तास आहेत. एकसुद्धा संपायला नको."

ती तडक थिएटरात गेली. यंत्राच्या छोट्या खिडकीत महिन्याचे तास दिसायचे. एकशे एकवीस. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच. विकणाऱ्यांनीच आकडा पळवायची सोय केली असणार, असं तिला वाटलं. पण यंत्रावर आरोप करून भागत नाही, चोर रंगेहाथ धरावा लागतो. शेवटचं ऑपरेशन दुपारी बाराला संपायचं आणि मग ती हत्यारं उकळायच्या खोलीत चारपर्यंत अडकायची. त्या दिवशी ती अर्ध्या तासातच परत आली.

रिकाम्या थिएटरात यंत्र घरघरत होतं. शेजारी स्टुलावर धाकटी चादरींच्या घड्या घालत बसली होती.

"कोणी सांगितलं हे चालू करायला?"

धाकटीच्या हातातली चादर खाली पडली. "कोणी नाही, सिस्टर."

"किती दिवस चाललंय?"

"यंत्र आल्यापासून. रोज चारपर्यंत." तिने मान खाली घातली. "ऑफिसात ऐकलं, तास कमी पडले की यंत्र नेतात. किती लागतात ते कोणाला विचारणार? म्हटलं, जास्तच झालेले बरे."

सिस्टर टेबलाच्या पायरीवर बसली. या बयेने फिल्टरवर फिल्टर संपवले आणि स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी जाळली. आणि आपण? आपण सर्जनच्या एका शब्दावर बटण दाबत राहिलो आणि हुशारी वहीत मांडत बसलो. तिला स्वतःचीच चीड आली.

"अगं वेडे, ते यंत्र राहिलं तर तू राहत नाहीस. त्याच्या फिल्टरपायी तुझी जागा कापतायत."

धाकटीने खिशातून दम्याचा पंप काढला. "हा दोनशे फवाऱ्यांचा, सिस्टर. मला महिनाभर पुरत नाही. तुम्ही यंत्र बंद केलंत, की मी बाहेर जाऊन दोनदा ओढून येते. पूर्ण वेळ चाललं त्या दिवशी लागत नाही." ती पंप हातात फिरवत राहिली. "यंत्र गेलं तर मी तरी किती दिवस राहीन?"

सिस्टरने तो पंप घेतला. त्यालाही खिडकी होती आणि तिच्यात उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा होता. नऊ.

"उद्या नवा आण," ती म्हणाली. "माझ्यासमोर उघडायचा."

त्याच संध्याकाळी तिने साहेबांना लिहून दिलं, की शंभर तास यंत्र रिकाम्या खोलीत चाललं आणि थिएटर माझ्या ताब्यात आहे, तेव्हा जबाबदारी माझी. साहेब भडकले, पण हिशेब त्यांनाही कळत होता. फिल्टर निम्मे लागले तर धाकटीचा पगार निघत होता. "दोन महिने देतो," ते म्हणाले. "पण साठच्या खाली गेलात, तर यंत्रही जाईल आणि हीही जाईल."

दुसऱ्या दिवशी यंत्र लावताच सर्जन म्हणाले, "सिस्टर, भुंगा." सिस्टरने कॉटरी त्यांच्या हातात दिलीच नाही.

"आधी यंत्र, मग कॉटरी."

"मला आवाजाचा त्रास होतो."

"तिला धुराचा होतो." सिस्टरने हनुवटीने धाकटीकडे दाखवलं. सर्जननी दोघींचे डोळे पाहिले, वीस मिनिटांची ती घडी आठवली आणि मुकाट्याने हात पुढे केला.

दोन महिन्यांनी यंत्राचे तास बघायला सरकारचा एक तपासनीस आला. महिन्याला बासष्ट तास, फिल्टर दोन. त्याला हे पचेना. आधी एकशे एकवीस आणि आता एकदम निम्मे?

"ऑपरेशनला वापरच बंद केला असेल तुम्ही. रिकाम्या खोलीत चालवून तास चढवले असतील."

माणूस आपल्यासारखाच संशयी निघाला, म्हणून सिस्टरला बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मोजणीवर कोणी शंका घेतली होती आणि तिला रागही आला नव्हता. तिने धाकटीला हाक मारली. "पंप दाखव."

तपासनीसाने खिडकीत डोकावून पाहिलं. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"दोनशेचा असतो," धाकटी म्हणाली. "यंत्र पूर्ण वेळ चालायला लागल्यापासून हाच आहे."

"कशावरून? काल नवा आणला नसेल?"

सिस्टरने पंप उलटा केला. तळाशी चिकटपट्टी होती, तिच्यावर काळ्या शाईने तारीख, आकडा दोनशे आणि तिची सही. शाई बोटांनी झिजून पुसट झाली होती. तपासनीसाने तारीख वाचली, मग धाकटीकडे पाहिलं. ती तोंड मिटून नाकाने श्वास घेत शांत उभी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "यंत्र इथेच राहील. आणि हिची जागा कापू नका म्हणून सांगतो मी साहेबांना."

सिस्टरने त्याच्यापुढे कागद सरकवला.

"लिहून द्या. तोंडी मोजणी आमच्याकडे चालत नाही."