नवसाचं जावळ

माझ्या मुलाचं डोकं मोठं होतं, आणि बोरी अरब गावात त्याचं कौतुक व्हायचं. "तहसीलदारच जन्माले आला तुह्या पोटी," शेजारीण म्हणायची. देवीच्या नवसाचं जावळ म्हणून दीड वर्षं कात्री लागलेली नव्हती. त्यामुळे डोकं किती आणि केस किती, हे कुणालाच कळत नव्हतं. टोपडं बसेना, तर सासूबाईंनी शिवणारीला नावं ठेवली.

जावळ वेळेवर निघालंही असतं. पण ते मामाच्या मांडीवर काढायचं, आणि माझ्या भावाचं नि सासूबाईंचं आमच्या लग्नातल्या पंगतीवरून बिनसलेलं. भाऊ उमरखेडला रुसून बसला, सासूबाई इथे. दोघंही भारी मानी. देवी बिचारी वाट पाहत राहिली.

पोरगं सकाळी उठल्याउठल्या ओकायला लागलं, तेव्हा घरात वैद्यांची कमी नव्हती. दात येताहेत, जंत झालेत, नजर लागली. यवतमाळच्या डॉक्टरांनी मात्र केसांत बोटं घालून टाळू चाचपली आणि त्यांचं हसू मावळलं. नागपुरात कळलं, मेंदूत गाठ आहे, लहान मुलांत क्वचितच होणारी, आणि तिच्यामुळे डोक्यात पाणी साचतंय. आमच्या घराण्यात दुर्मीळ म्हणावं असं हे पहिलंच.

"गाठ काढली तर मुलगा वाचेल," सर्जन म्हणाले. "पण अशा गाठीतून रक्त फार जातं, आणि याच्या अंगात रक्त ते किती! टेबलावरच काहीही होऊ शकतं." नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी दवाखान्याचा न्हावी आला, तर सासूबाई पलंगासमोर आडव्या उभ्या. "देवीचे केस हायेत. मामाच्या मांडीवरच उतरतीन."

"मंग आजवर मामाले काहून नाही बलावलं?" मी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना उलटून बोलले. वॉर्डातल्या बायकांची छान करमणूक झाली.

सासूबाईंनी फोन मागितला. संध्याकाळी भाऊ एसटीने आला, नारळ घेऊन. जणू तेवढ्याचीच कमी होती. सिस्टर म्हणाली, इथे कुंकूबिंकू चालणार नाही. न्हाव्याला पुन्हा बोलावलं. भाऊ स्टुलावर, पोरगं मांडीवर, केस झेलायला सासूबाईंचा पदर.

केस उतरले आणि डोकं दिसलं. ताणलेली चकचकीत कातडी, निळ्या शिरा, वर आलेली टाळू. सासूबाई पदर तसाच धरून राहिल्या. "अवं माय," त्या म्हणाल्या, "एवढं मोठं व्हतं? आन् आपण हासून राह्यलो व्हतो." भावाने मान खाली घातली. दोघांना सुनावायला माझ्याकडे बरंच काही तयार होतं. पण मला इतकी भीती वाटत होती की रागाला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. रक्त बरंच द्यावं लागलं, पण पोरगं तग धरून होतं.

आजारात त्याची बुबुळं खालीच ओढलेली असायची. त्याला वर बघताच येत नव्हतं. आम्ही म्हणायचो, लाजाळू आहे. आयसीयूत मी पलंगाशी उभी होते. त्याने डोळे उघडले. बुबुळं माझ्या साडीवरून हळूहळू वर सरकली, तोंडाशी आली आणि थांबली. कितीतरी दिवसांनी माझ्या मुलाने मला पाहिलं.