घमेल्यातली अंघोळ

माझं पहिलं पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात, सीमेवरच्या एका लहानशा पोस्टवर झालं. पाण्याची गाडी एक दिवसाआड यायची. सेक्शन कमांडर होते हवालदार हरगोविंद. ते झाशीजवळच्या मऊरानीपूरचे, मी झाशी शहरातला, म्हणून त्यांनी मला ‘पडोसी’ करून टाकलं. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

उस्तादांचा हुकूम होता, अंघोळ घमेल्यात उभं राहूनच करायची. साठलेल्या पाण्यात मोजे धुवायचे. उरलेलं गढूळ पाणी ड्रममध्ये ओतायचं आणि ते बंकरच्या दारावरच्या गोणपाटावर शिंपडायचं, म्हणजे आत जरा गारवा राही. आम्ही पाठीमागे खूप हसायचो. सैन्यात भरती झालो की धोबीघाटावर, असं मी एकदा म्हणालोही होतो.

मे महिन्यात एकदा वाळूची आंधी सुटली, ती थांबेचना. सकाळी रेडिओ खरखरला.

“पानी की गाड़ी रेत में फँसी है. आज नहीं आएगी. ओवर.”

“रॉजर. आउट.”

पिण्याचं पाणी एका जेरीकॅनपुरतं उरलं होतं. उस्तादांनी तो स्वतःच्या खाटेखाली सरकवला.

दुपारी गस्तीवरून परतताना मी कोसळलो. उष्माघात. अंग तापलेलं, घाम बंद, तोंडाला येईल ते बरळत होतो म्हणे. त्या वाळूत मला न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं. एक जवान घाबरून जेरीकॅन माझ्यावर ओतायला धावला.

“रुको! वो पीने का है,” उस्ताद ओरडले. “ड्रम लाओ.”

ड्रममधल्या त्या पाण्यात चादरी भिजवून त्यांनी मला गुंडाळलं. चादर सुकली की पुन्हा भिजवायची, संध्याकाळपर्यंत हेच चाललं. शुद्धीवर आलो तेव्हा अख्ख्या सेक्शनच्या मोज्यांचा वास नाकात होता. उस्तादांनी जेरीकॅनमधलं स्वच्छ पाणी घोटघोट पाजलं.

“काय पडोसी,” ते म्हणाले, “नहा लए?”

पुढच्या वर्षी युनिट दुसऱ्या सीमेवर गेलं. तिथे गस्तीवर गोळी लागून उस्ताद गेले. मी त्यांच्या शेजारीच होतो. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

आता पेन्शन घेऊन झाशीत असतो. उन्हाळ्यात नळ रुसतो, पण आमचं अडत नाही. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी अंगणातल्या लिंबाला, कपड्यांचं साबणाचं पाणी संडासात, आरओ मशीनमधून वाया जाणारं फरशी पुसायला.

“अहो, हे घर आहे, तुमची पोस्ट नाही,” बायको म्हणते, आणि तांदळाचं पाणी गुपचूप बाजूला काढून ठेवते.

उस्तादांच्या स्मरणदिनी त्यांच्या पत्नी, आमच्या भाभीजी, मऊरानीपूरहून बसने येतात. या वर्षी जेवण झाल्यावर मी त्यांना हात धुवायला बेसिन दाखवलं. त्या सरळ अंगणात गेल्या आणि लिंबाच्या आळ्यावर हात धरून वाकल्या.

“भैया, इतै डारो.”

मी तांब्यातलं पाणी हातांवर ओतू लागलो.

“बे ऐसई सिखा गए हते,” त्या उस्तादांच्या आठवणीने म्हणाल्या. “नाली में पानी जात देखत हैं, तो आज भी लगत है, अब्बई डाँटहें.”

मी तांब्यातला शेवटचा थेंबही आळ्यात झटकला.

“मुझे भी, भाभीजी.”