दस्त्याचा तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांची विलायती दुनळी बंदूक आहे. तशी आता बनत नाही. लोक लांबून बघायला यायचे. उसात बिबट्या यायला लागला तेव्हा मालकांना मोतीबिंदू — हवेत बार काढायचं काम माझ्यावर आलं. परवान्यावर माझंही नाव होतं. पण दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, लांब; खांद्याला बसेना. दर बाराला गालफड सुजायचं. मालक म्हणायचे, "मूळ वस्तू आहे. हात लावायचा नाही."

वस्तू मूळ — आणि माझा खांदा काय, नकली?

मालेगावचे रहीममिस्त्री दर दसऱ्याआधी येऊन ती साफ करायचे. मालकांचे चाळीस वर्षांचे दोस्त. दस्ता कापून द्या म्हटलं, तर हसले. "भाभी, ही चीज कापायची नसते. तुम्ही आपले फटाके वाजवा."

ते साफ करून गेले आणि दुसऱ्या दिवशी मीच करवत घेतली. दोन बोटं दस्ता कापला, टोकाला चपलेचं रबर ठोकलं. खांद्याला चपखल बसली. त्याचं मला आजही काही वाटत नाही. वापरता येत नाही ती बंदूक कसली? काठीच.

दसऱ्याला पूजेसाठी मालकांनी ती हातात घेतली. डोळ्यांना दिसलं नाही, बोटांना कळलं. "कुणी कापली?"

मी म्हणाले — मिस्त्रींनी.

भिऊन? छे. मालकांना मी कधी भ्यायले नाही. तो माणूस हसला होता, म्हणून.

संध्याकाळी मिस्त्री सोनं द्यायला आले. मालक दारातच ओरडले, "हरामखोरा, माझ्या बापाच्या बंदुकीची वाट लावलीस! तुकडा तरी दे, जोडून घेतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तुकडा माझ्या पिठाच्या डब्यात होता — चार पावलांवर. काढून दिला असता तर दस्ता जुळला असता, त्यांच्यावरचा आळही गेला असता. ते थांबले. मी हलले नाही.

"माझ्याकडे नाही, भाऊ," म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवली आणि गेले.

पुन्हा आले नाहीत. गेल्या वर्षी वारले. मालक मातीलाही गेले नाहीत.

तुकडा मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला. अक्रोडाचं लाकूड, चांगलं जळलं. त्यावर भाकरी भाजल्या आणि मालकांना वाढल्या.