तांबडा पट्टा

रेडिओवर कुणी मंत्री ‘खात्याखात्यांत समन्वय साधू’ म्हणाला की मी रेडिओ बंद करते. नातवंडं हसतात. हसोत बापडी. समन्वय नसला की काय होतं ते मी कवठे महांकाळच्या माळावर पाहिलंय.

दुसऱ्या मोठ्या लढाईची, इंग्रजी अमलातली वर्षं होती. नवरा पलटणीत गेलेला. मी आणि सासरे मेंढरं घेऊन माळोमाळ फिरायचो. सासऱ्यांना मी मामा म्हणे. कळपाच्या पुढं चालायची ती काळ्या तोंडाची मेंढी माझी, माहेरून आंदण आलेली. सासरी माहेरचं म्हणावं असं तेवढंच जित्राब होतं, त्यामुळं माझा जीव तिच्यात अडकलेला.

दिवाळीनंतर लोकरवाले साहेब आले. दिल्लीच्या कुठल्याशा खात्याला फौजेच्या कांबळ्यांसाठी लोकर हवी होती. त्यांच्या शिपायानं आमच्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर तांबड्या रंगाचा पट्टा ओढला.

“ही मेंढरं आता सरकारी लोकरीसाठी राखीव,” साहेब म्हणाले. “विकायची नाहीत, कापायची नाहीत. पट्टा पुसलात तर लढाईचा कायदा आहे, सरळ तुरुंगात जाल.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझ्याच नवऱ्याला ऊब मिळणार आहे, बाई.”

मामांना बरंच वाटलं. सरकारी खूण असलेल्या मेंढराला चोरही हात लावायचा नाही, असा त्यांचा हिशेब.

पुढं थंडी वाढली आणि एक दिवस शेजारच्या माळावरचा मेंढपाळ रिकाम्या हातानं आला. काठीसुद्धा नव्हती हातात.

“लारी आली, गड्या,” तो मामांना म्हणाला. “समदी भरून नेली. तांबडी पाठ म्हंजे मटनाची, म्हनं.”

हळूहळू उलगडा झाला. दिल्लीच्याच दुसऱ्या खात्याला फौजेसाठी मटण हवं होतं. त्यांची माणसं बाजारात नि माळोमाळ पुढं जाऊन धष्टपुष्ट मेंढरांवर पट्टा ओढायची आणि मागून लारी येऊन पट्टेवाली मेंढरं उचलायची. तो पट्टाही तांबडाच. शेजारचा बिचारा ओरडत राहिला की माझी लोकरीची आहेत. लारीवाले म्हणाले, आम्हाला रंग सांगितलाय, बाकी काही नाही.

त्या दिवसापासून दूर धुरळा उठला की मी काठी घेऊन कळपाच्या आडवी उभी राहायची. पट्टा ठेवावा तर लारी, पुसावा तर तुरुंग. मी म्हटलं, पुसून टाकू. मामा माझ्यावर खेकसले, “मी आत गेल्यावर मेंढरामागं कोन, तू?” पण त्यांचाही आवाज कापत होता. त्या म्हाताऱ्याला घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

शेवटी मीच उसळले. “आवं मामा, त्यास्नी लोकरच पायजे न्हवं? मग कातरू या की. पट्टा लोकरीवर हाय. लोकर हितंच ठिवायची, पुसला कुटं म्हनतील?”

पौषातली थंडी होती, अशा गारठ्यात मेंढरू उघडं करायचं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही कातरी काढल्या.

अशक्त होती ती पहाटे मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यात आखडून मेलेली सापडली. काळ्या तोंडाच्या मेंढीवर मी माझी घोंगडी बांधली आणि स्वतः कुडकुडत बसले. ती जगली.

लारी आली ती त्यानंतर. आवाज ऐकून मी घाईघाईनं तिची घोंगडी सोडली, खाली पट्टा लपवलाय असं वाटू नये म्हणून. लारीवाला कळपाभोवती फिरला. उघड्या, थरथरत्या पाठी बघून त्यानं शिवी हासडली आणि निघून गेला. मी वेड्यासारखी हसत सुटले.

थोड्याच दिवसांत लोकरवाले साहेब आले. मामांनी लोकर पुढ्यात पसरली, तांबडे पट्टे वर करून. साहेब खूश झाले. मग मामांनी धीर करून लारीचं सांगितलं आणि हात जोडून विचारलं, “सायेब, सरकार एकच न्हवं? मग तिकडं दिल्लीत तुमी एकमेकास्नी भेटत न्हाईसा व्हय?”

साहेब हसले. “आमची खाती एकाच इमारतीत आहेत. जिने वेगळे.”

“मग निदान रंग तरी निराळा लावा.”

“त्याला वरून हुकूम लागतो. मी लिहितो.” माणूस वाईट नव्हता, खरंच लिहिलंही असेल त्यानं. पण लगेच त्यानं शिपायाला रंगाचा डबा आणायला सांगितला. पुढच्या लोकरीसाठी मेंढरं राखीव करायची होती.

काळ्या तोंडाची नेहमीसारखी पुढं होती. कुंचला पाठीला लागताच ती शहारली. रंग सरळ कातड्यावर बसला.

मामांचा हात कमरेच्या कातरीकडं गेला आणि तिथंच थांबला. कातरायला काही उरलंच नव्हतं.