कमरेएवढं गवत

आता हसणारच आहात, तर आधी चहाचा कप खाली ठेवा. अंगावर सांडाल!

चाळीसगावजवळच्या एका गावात माळावरचं गवत राखायचं काम माझ्याकडे होतं. मी जळगावचा, मेहरूणमधला. गवताचंच शिक्षण घेतलेलं, त्यामुळे मान कायम ताठ! माळाच्या एका तुकड्याला कुंपण घातलं आणि आख्खा पावसाळा आत एक मेंढी शिरू दिली नाही.

मेंढ्या आबांच्या. त्यांचा सगळा जन्म याच माळावर गेलेला. आषाढातच ते म्हणाले होते, "भाऊ, आते आठ दिन मेंढ्या सोडू द्या. गवत कवळं शे."

"कवळं आहे म्हणूनच नाही, आबा!" असा काही भाव खाल्ला मी, की विचारू नका.

दसऱ्यानंतर धुळ्याहून आमच्या खात्याच्या मोठ्या मॅडम पाहणीला आल्या. तुकडा त्यांना पसंत पडला, तर सगळा माळ वर्षभर बंद होणार. मग आबांनी कळप न्यायचा कुठे? खरं सांगतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आणि गवत काय माजलं होतं! कमरेएवढं, पिवळंधमक. मी म्हटलं, "लांबून काय बघता मॅडम? आत चला!"

कुंपणाबाहेरून आबा हात हलवत ओरडले, "भाऊ, मझार नका जाज्यात!"

"आत जाऊ नका म्हणे! जळतात बिचारे," मी हळूच म्हणालो. वर आणखी अक्कल पाजळली, "खाली बसून फोटो काढू या!"

बसलो. आणि बसल्या बसल्या उठलो!

अहो, कुसळी होती ती! पिकली की तिची टोकदार कुसळं कपड्यातून थेट कातडीत घुसतात. मॅडमची साडी, माझी पँट, मोजे, सगळ्याचं साळिंदर झालं.

"कवळी ऱ्हास तवय मेंढ्या खातस," आबा शांतपणे म्हणाले. "आते तिले कोन तोंड लाई?"

मॅडम कुसळं उपटता उपटता हसत सुटल्या. तिथेच ठरलं, माळ बंद करायचा नाही. पहिल्या पावसावर मेंढ्या सोडायच्या, मग गवताला विसावा द्यायचा. कधी सोडायच्या, कधी काढायच्या, ते आबा सांगतील.

मी तोवर आबांची घोंगडी कमरेला गुंडाळून बाभळीखाली उभा. बसायची सोयच नव्हती! बारीक आवाजात विचारलं, "आबा, म्हणजे बंदी कोणालाच नाही?"

"शे ना," आबा म्हणाले. "बठ्ठास्ले, मेंढ्यास्ले, मानसेस्ले, मझार येऊ द्या. तुमलेच तेवढी बंदी शे, भाऊ!"